लिथगो थ्री-नॉट-थ्रीचा मागचा हँडगार्ड खुळखुळतो : बदलावा की दुरुस्त करावा?

निलगिरी_सावली (धागाकर्ता)

नमस्कार. न्यू साउथ वेल्समध्ये स्थायिक होऊन मला अकरा वर्षे झाली आणि गेल्या तीन वर्षांपासून मी येथील एका रायफल क्लबचा सभासद आहे. मागील महिन्यात क्लबातील एका वयस्कर सभासदाने आपली जुनी थ्री-नॉट-थ्री परवानाधारक विक्रेत्यामार्फत माझ्या नावावर केली. रायफल लिथगोच्या सरकारी कारखान्यातील असून तिच्यावर १९४२ हे साल आणि मार्क तीन-स्टार हा शिक्का स्पष्ट वाचता येतो. बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा सरकता भाग) घट्ट आहे, नळी आतून चकचकीत आहे आणि दस्त्यालाही काही झालेले नाही. तक्रार एकच आहे. नळीवरचा मागचा लाकडी हँडगार्ड, म्हणजे नळी वरून झाकणारा लाकडाचा तुकडा, सैल आहे. बोल्ट जोरात पुढे सारला की ‘टक्’ असा कोरडा आवाज येतो आणि अंगठ्याने दाबल्यास लाकूड किंचित खाली बसून पुन्हा वर येते.

काल उजेडात नीट पाहिले, तेव्हा हँडगार्डच्या मागच्या कडेखाली पुठ्ठ्याची एक बारीक घडी खोचलेली दिसली. ती बहुधा सिगारेटच्या पाकिटाची असावी, कारण तेल पिऊन ती चहासारखी तपकिरी झाली असली तरी तिच्या एका कोपऱ्यावर सोनेरी रेघ शिल्लक आहे. म्हणजे हे दुखणे जुने आहे आणि आधीच्या मालकाने त्यावर आपल्या परीने इलाज केलेला आहे.

आता माझ्यासमोर तीन वाटा आहेत : अक्रोडाच्या लाकडाचा नवा हँडगार्ड विकत घेणे, आहे तोच एपॉक्सीने चिकटवून टाकणे, किंवा पुठ्ठ्याच्या जागी चामड्याची पट्टी घालून स्वस्थ बसणे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे. या सैलपणाचा नेमावर परिणाम होतो का, हेही जाणून घ्यायचे आहे.

जुना_पुलथ्रू

मी पोलीस मुख्यालयाच्या शस्त्रागारात आर्मोरर, म्हणजे शस्त्रांची देखभाल-दुरुस्ती करणारा, म्हणून बरीच वर्षे काढली आहेत आणि या रायफलीचे लाकूड शेकडो वेळा उतरवले व चढवले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

एपॉक्सीचा विचार सर्वप्रथम डोक्यातून काढून टाका. हँडगार्ड हा निघणारा भाग आहे आणि तो निघालाच पाहिजे, कारण त्याच्याखाली नळीवर गंज धरला तर तो बाहेरून कधीच दिसत नाही.

आता मूळ मुद्दा. या रायफलीवर हँडगार्ड दोन असतात आणि दोघांची पकड वेगवेगळी असते. पुढचा हँडगार्ड मधला पट्टा आणि नोजकॅप (नळीच्या तोंडाशी बसणारी धातूची टोपी) यांच्या दाबाखाली राहतो, त्यामुळे तो सैल झाला तर दोष बहुतेक वेळा स्क्रूंचा किंवा वाळून आकसलेल्या लाकडाचा असतो. मागच्या हँडगार्डला मात्र वरून दाबून धरणारे काहीही नाही. त्याच्या पोटात पोलादी पातीची स्प्रिंग रिव्हेटने बसवलेली असते, तिच्या दोन बाह्या नळीला दोन्ही अंगांनी कवटाळतात आणि तेवढ्याच बळावर ते लाकूड जागी राहते. म्हणून मागचा हँडगार्ड खुळखुळत असेल, तर लाकडाकडे नंतर पाहावे आणि आधी स्प्रिंग तपासावी. बाह्या फाकल्या आहेत, रिव्हेट ढिले झाले आहेत, की रिव्हेटच्या भोकातून लाकूडच चिरले आहे, या तिन्हींपैकी नेमके काय झाले आहे हे कळल्याशिवाय नवा तुकडा विकत घेण्यात अर्थ नाही. स्प्रिंग थकलेली असेल तर नवे लाकूडही तितकेच खुळखुळेल.

उतरवण्याची पद्धत अशी. मॅगझीन काढावे, बोल्ट काढावा, चेंबरमध्ये डोळ्याने पाहावे आणि बोटानेही चाचपावे. मधल्या पट्ट्याचा स्क्रू सैल करून पट्टा उघडावा, म्हणजे पुढच्या हँडगार्डचे ओझे मागच्यावर राहत नाही. मागच्या साइटची पट्टी उभी करावी. त्यानंतर हँडगार्डच्या दोन्ही कडा दोन्ही हातांच्या बोटांनी धरून तो सरळ वर उचलावा, आणि स्प्रिंग जिथे आहे तिथूनच जोर लावावा. एका अंगाने उचकटू नये आणि खाली स्क्रूड्रायव्हर तर अजिबात घालू नये. साइटच्या दोन्ही बाजूंना लाकडाचे जे पातळ कान असतात ते याच चुकीमुळे तुटतात, आणि तसे तुटलेले कान मी एवढे पाहिले आहेत की त्यांची शेकोटी करता आली असती.

आणखी एक इशारा देतो, जरी आपल्या कामात त्याची गरज पडू नये. हात लागलाच आहे म्हणून कोणी दस्त्याचा बोल्ट, म्हणजे दस्ता रायफलीला आवळणारा लांब स्क्रू, फिरवू नये. या रायफलीत त्या बोल्टचे चौकोनी टोक पुढच्या लाकडातील पत्र्याच्या खाचेत अडकलेले असते. फोरएंड (नळीखालचे हे पुढचे लाकूड) न उतरवता तो बोल्ट पिळला तर फोरएंड मागून दुभंगतो. आधी फोरएंड आणि मगच दस्ता, हा क्रम कधीही मोडू नये.

नवखी_नेमबाज

मी पुण्यात एनसीसीत असताना पॉइंट टू-टू रायफल चालवलेली आहे. खोलना-जोडना शिकवताना आम्हाला हँडगार्ड हा शब्द सांगितला होता, पण तो कशासाठी असतो हे कोणी विचारले नाही आणि कोणी सांगितलेही नाही. वरच्या बाजूला लाकूड असण्याचे नेमके प्रयोजन काय? शिवाय आमच्या गावी आजोबांच्या नावावर परवान्याची एक जुनी रायफल आहे. तिचे लाकूडही हलते. असे काम भारतात घरी करता येईल का?

जुना_पुलथ्रू

पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणजे तापलेली नळी. ब्रिटिश फौजेत या रायफलीने मिनिटाला पंधरा नेमके बार काढण्याची तालीम दिली जात असे. तशी दोन-तीन मिनिटे गोळीबार झाला की उघड्या नळीला हात लावण्याची सोय राहत नाही, आणि संगीन लावून लढताना हात कुठेही पडू शकतो. तापलेल्या नळीवरून उठणारी हवेची झळ नेमाच्या रेषेत थरथरते, तीही लाकडामुळे थोडी अडते. टू-टूच्या काडतुसाने नळी एवढी तापत नाही, म्हणून तिथे हे प्रकरण गौण असते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नाही असे आहे. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ नुसार बंदुकीची दुरुस्ती हेही परवान्याचे काम आहे. आजोबांना सांगा की परवाना व शस्त्र घेऊन परवानाधारक दुरुस्ती करणाऱ्याकडे जावे. वरून तेलाचा हात फिरवणे आणि पुलथ्रूला (नळीतून ओढायच्या दोरीला) चिंदी लावून नळी पुसणे एवढेच घरी करावे. धागाकर्ते ऑस्ट्रेलियात आहेत. त्यांनी तेथील नियम आपल्या क्लबात विचारून घ्यावेत.

ओहायोकर

माझ्याकडे ईशापूरच्या भारतीय रायफल कारखान्याची टू-ए-वन आहे, म्हणजे १९६२ च्या चीन युद्धानंतर ७.६२ मिलिमीटरच्या काडतुसासाठी बनवलेली, बारा गोळ्यांच्या चौकोनी मॅगझीनची. घाट मात्र पूर्णपणे जुन्या मार्क तीनचाच आहे. दोन वर्षांपूर्वी तिच्या मागच्या हँडगार्डचा एक कान तुटला, तेव्हा मी घाईघाईने ‘ली-एनफील्ड हँडगार्ड’ (ली-एनफील्ड हे या रायफलींच्या घराण्याचे नाव) एवढेच वाचून एक तुकडा मागवला आणि तो नंबर चार या नंतरच्या नमुन्याचा निघाला. नंबर चारची मागची साइट नळीवर नसून पार मागे बॉडीवर (बोल्ट ज्यात सरकतो त्या धातूच्या भागावर) असते, त्यामुळे त्या हँडगार्डला साइटसाठी जागाच कापलेली नसते. तो तुकडा आजही माझ्या टेबलावर पेन ठेवण्याच्या कामी येतो. निलगिरी_सावली यांनी विकत घेण्यापूर्वी नंबर एक मार्क तीन (त्यांच्या रायफलीचा नमुना) असे स्पष्ट विचारून घ्यावे, आणि योग्य नमुना मिळाला तरी तो थेट बसेल अशी आशा ठेवू नये. या रायफली एकाच आराखड्याच्या असल्या तरी लाकूड प्रत्येक रायफलीला हाताने घासून बसवलेले असते.

निलगिरी_सावली (धागाकर्ता)

पुलथ्रूकाका, आपण सांगितल्याप्रमाणे आज हँडगार्ड उतरवला. निदान तंतोतंत खरे ठरले. स्प्रिंगचा एक रिव्हेट शाबूत आहे, दुसऱ्याचे आतले डोके झिजून निघून गेले आहे, आणि त्या भोकापासून लाकडाच्या रेषांच्या दिशेने सुमारे चार सेंटिमीटरची चीर पुढे गेलेली आहे. अंगठ्यांनी दोन बाजूंनी हलके फाकवले की चीर उघडते आणि सोडले की मिटते. बोल्ट आपटल्यावर येणारा आवाज याच मिटणाऱ्या फटीचा असावा. स्प्रिंगची एक बाही दुसरीपेक्षा बरीच बाहेर गेलेली आहे. पुठ्ठ्याच्या घडीखाली, जिथे ती नळीला टेकत होती, तिथे नाण्याएवढा तांबूस गंजाचा डाग आहे. तो अजून वरवरचाच आहे.

एक गमतीची गोष्ट आढळली. लाकडाच्या आतल्या अंगाला ‘स्लाझ’ अशी अक्षरे ठोकलेली आहेत. क्लबातल्या मंडळींनी सांगितले की युद्धकाळात रायफलींचे लाकडी भाग स्लेझेंजर या टेनिसच्या रॅकेटी बनवणाऱ्या कंपनीनेही पुरवले होते आणि हा तिचाच शिक्का आहे. लहानपणी सांगलीत ज्या नावाची रॅकेट मला कधी परवडली नाही, ते नाव असे हाती लागेल असे वाटले नव्हते. आता हा तुकडा टाकवत नाही. चीर भरून तोच वापरता येईल का?

सुतारपक्षी

बंदुकीतले मला काही कळत नाही, परंतु लाकडात हयात गेली आहे, म्हणून लिहितो. आपल्या रायफलीचे लाकूड अक्रोड नसून बहुधा कोचवूड असावे. लिथगोच्या कारखान्याने युद्धाच्या काळात हे स्थानिक लाकूड मोठ्या प्रमाणावर वापरले होते. ते अक्रोडापेक्षा मऊ असते. फोरएंडमध्ये जिथे धक्का बसतो तिथे लिथगोवाल्यांनी तांब्याच्या पट्ट्या घातल्या, त्या याच मऊपणामुळे. माझ्या मते चीर नक्की जोडता येईल. अडचण जोडण्याची नसून तेलाची आहे. ऐंशी वर्षे तेल प्यायलेल्या लाकडाला ना सरस धरतो ना एपॉक्सी. चिरेच्या दोन्ही अंगांना अ‍ॅसिटोनमध्ये बुडवलेला ब्रश फिरवावा, कापडाने टिपावे, आणि कापडावर पिवळेपणा उमटेनासा होईपर्यंत हे पुन्हा पुन्हा करावे. त्यानंतर सावकाश धरणारे एपॉक्सी पातळ पात्याने चिरेत आतपर्यंत सारावे, सायकलच्या जुन्या ट्यूबच्या पट्टीने गुंडाळून आवळावे आणि एक दिवस हात लावू नये. शिकंजा वापरू नये, कारण अशा अर्धगोल पातळ तुकड्यावर त्याचा दाब एकाच ठिकाणी पडतो आणि दुसरी चीर जन्माला येते.

काचकागद मात्र लावू नका. वरचा काळपटपणा हाच त्याचा पुरावा आहे.

जुना_पुलथ्रू

सुतारपक्षी यांची कृती अचूक आहे, परंतु निष्कर्षाशी मी सहमत नाही. ही चीर साध्या लाकडाला पडलेली नाही. ती रिव्हेटच्या भोकातून निघालेली आहे, आणि हँडगार्ड प्रत्येक वेळी चढवताना-उतरवताना स्प्रिंगच्या बाह्या फाकतात तेव्हा सगळा ताण नेमका त्याच भोकावर येतो. चिकटवलेली चीर कपाटात ठेवलेल्या रायफलीवर शंभर वर्षे टिकेल. ज्या रायफलीवर दर महिन्याला बार काढायचे आहेत आणि साफसफाईसाठी लाकूड अधूनमधून उतरवायचे आहे, तिच्यावर ती फार काळ टिकणार नाही. शस्त्रागारात आम्ही भोकातून चिरलेला हँडगार्ड बाद धरत असू. आपण हा तुकडा जोडून जपून ठेवा आणि रायफलीवर दुसरा चढवा.

सुतारपक्षी

हे मला मान्य आहे. ताण कुठे येतो हे मला माहीत नव्हते. खुर्चीच्या पाठीचा चिरलेला गज मीही जोडत नाही, बदलतो.

खडकीवाला

धागा हँडगार्डचा असल्याने थोडे आडवळण घेतो आणि लगेच परत येतो. निलगिरी_सावली, तुमच्या क्लबात जुनी लष्करी काडतुसे कोणी वापरत असेल तर पितळेच्या बुडावर ‘के एफ’ अशी अक्षरे दिसतात का ते पाहा. तो आमच्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा शिक्का आहे आणि तो जगभर पोचलेला आहे. परत येण्याचे कारण असे की त्या काळातील लष्करी काडतुसांच्या टोपीतील रसायन जळल्यावर मागे क्षार राहतात. ते तेलाने जात नाहीत, पाण्यानेच धुवावे लागतात, म्हणून जुनी मंडळी नळीत नरसाळ्याने उकळते पाणी ओततात. ते पाणी चेंबरच्या बाजूने निसटले की थेट हँडगार्डखाली झिरपते, आणि तिथे पुठ्ठ्याची घडी असेल तर ती ओली वातच झाली म्हणायची. तुमच्या गंजाच्या डागाचा उगम तिथे असू शकतो. चामड्याची पट्टी घातली असती तरी हेच झाले असते.

ओहायोकर

नेमाबद्दलचा प्रश्न मागे राहिला, त्याविषयी माझा अनुभव सांगतो. मागचा हँडगार्ड सैल असल्यामुळे माझ्या गोळ्यांच्या जमावात मला फरक दिसला नव्हता. या रायफलीचा नेम फोरएंडवर जास्त अवलंबून असतो : मागे ड्रॉ भागापाशी, म्हणजे फोरएंडचे मागचे खांदे बॉडीला टेकतात तिथे, लाकूड किती घट्ट बसते यावर, आणि पुढे नोजकॅपच्या मागे जी लहान खुंटी व स्प्रिंग नळीला खालून वर रेटते तिच्यावर. पुढचा हँडगार्ड नळीला वरून दाबत असेल तर मात्र गोळ्या भरकटतात. नोजकॅप उतरवलाच तर ती खुंटी आणि स्प्रिंग सांभाळा. माझी स्प्रिंग गॅरेजच्या फरशीवर उडाली होती आणि ती शोधण्यात रविवारची सकाळ गेली.

निलगिरी_सावली (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. काम पूर्ण झाले आहे, ते क्रमाने नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला उपयोगी पडेल.

क्लबातील एकाच्या सुट्या भागांच्या पेटीत कोचवूडचाच एक मागचा हँडगार्ड मिळाला. त्याचे दोन्ही कान शाबूत होते, पण स्प्रिंग नव्हती. नवे अक्रोडही मिळत होते, परंतु पिवळट फोरएंडवर ते तांबूस लाकूड ठिगळासारखे दिसले असते. माझी जुनी स्प्रिंग उतरवून घेतली. तिच्या बाह्या आत वळवताना पुलथ्रूकाकांनी व्यक्तिगत निरोपात बजावले होते की तापवू नये, नाहीतर पोलादाचे पाणी उतरते, म्हणजे त्याचा ताठरपणा जातो. म्हणून नळीपेक्षा किंचित बारीक असा लाकडी दांडा आत धरून, थंड अवस्थेतच, दर वेळी थोडी-थोडी दाबत नेली. पाचव्या प्रयत्नात ती नळीवर हलक्या ‘चट्’ आवाजासह बसली आणि हाताने ओढल्याशिवाय निघेना.

रिव्हेटसाठी मऊ तांब्याची तार वापरली. बाहेरच्या अंगाला लहान वॉशर घालून डोके लाकडात बुडवले, आत स्प्रिंगवर हलक्या हातोडीने मिटवले. खाली ऐरण म्हणून व्हाइसमध्ये धरलेल्या जाड बोल्टचे डोके पुरले. लाकडावर एकही घाव पडू दिला नाही, मात्र माझ्या डाव्या अंगठ्याला दोन पडले.

बसवताना खरी कसोटी लागली. पहिल्यांदा ठेवला तेव्हा मागची साइट वर-खाली होताना उजव्या कानाला घासत होती आणि पुढची कड पुढच्या हँडगार्डवर चढत होती. मेणबत्तीची काजळी साइटच्या बाजूला लावून हँडगार्ड दाबायचा, काढायचा, काळा ठिपका जिथे उमटेल तेवढाच भाग बारीक कानशीने घासायचा, असे सतरा वेळा केले. (मोजले, कारण बायकोने विचारले होते.) शेवटी दोन्ही हँडगार्डांच्या मध्ये पोस्टकार्ड सरकेल एवढी फट राहिली आणि साइट मोकळी फिरू लागली. नळीवरचा गंज तेल व तांब्याच्या किसाने हलकेच काढून तिथे ग्रीसचा पातळ थर दिला. उघड्या झालेल्या लाकडाला जवसाचे कच्चे तेल तळहाताने चोळले.

शनिवारी वीस बार काढले. आवाज पूर्णपणे गेला आहे. जमाव होता तेवढाच आहे. ओहायोकर यांचे म्हणणे खरे निघाले.

सुतारपक्षी

जवसाचे तेल पुसलेली चिंधी चुरगळून कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ती सुकताना आतून तापते आणि ढिगात आपोआप पेट घेऊ शकते. बाहेर पसरून वाळवा, किंवा पाण्यात भिजवून ठेवा.

निलगिरी_सावली (धागाकर्ता)

वेळेवर सांगितलेत. चिंधी गॅरेजमधल्या डब्यातच होती. आत्ता उठून कुंपणावर पसरून आलो.

जुना_पुलथ्रू

काम नेटके झाले आहे. पहिल्या शंभर बारांनंतर एकदा उतरवून पाहा. तांब्याचा रिव्हेट सुरुवातीला थोडा बसतो, तेव्हा त्याला आतून आणखी एक टोला लागेल. आणि स्प्रिंगच्या कडा नळीला ओरखडे काढत नाहीत ना, तेही त्याच वेळी भिंगाखाली बघा.

निलगिरी_सावली (धागाकर्ता)

होय काका, तारीख डायरीत लिहून ठेवली आहे. ‘स्लाझ’चा तुकडा सुतारपक्षी यांच्या पद्धतीने जोडून, ट्यूबच्या पट्टीत गुंडाळून खिडकीत ठेवला आहे. पुठ्ठ्याची ती घडीही त्याच्याच पोटात परत ठेवली आहे.